लाल दोरीचं काम

वेवजीला समुद्र नाही. तरी दर जूनमध्ये माझ्या गॅरेजच्या ओट्यावर समुद्रातली दोन-तीन मशिनं पोत्यात गुंडाळून येऊन पडतात. तलासरी तालुक्याचं समुद्राकडचं तोंड म्हणजे झाई. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या आणि मशिनं रिकामी. आमच्या शेजारी सोळसुंबा, म्हणजे गुजरात लागलं, आणि पुढे उंबरगावची जीआयडीसी. लेथवर तुकडा घासून देणारा, स्टीलची पट्टी वाकवून देणारा, चांगल्या वायरचं भेंडोळं ठेवणारा, सगळे एका दुपारच्या फेरीत भेटतात. मी मुळात दुचाक्या आणि शेतीचे पंप दुरुस्त करणारा. पण चुंबक, कॉइल आणि प्लग खाऱ्या पाण्यातही तसेच वागतात जसे गोड्या पाण्यात, म्हणून हात घालायला धजावलो.

गेल्या बंदीत झाईचे एक वयस्कर तांडेल टेम्पोत घालून मशीन घेऊन आले. साडेनऊ-दहा हॉर्सपॉवरचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, दोरी ओढून चालू करायचं टू-स्ट्रोक. होडीच्या मागच्या फळ्याला टांगतात ते. तक्रार एवढीच, की बंद करायचं बटण काम करत नाही.

“मग बंद कसं करता, काका?”

“चोक ओढतो. दोन ठसके देतं नि मरतं.”

“कधीपासून?”

“झाली की दोन वर्षं.”

दोन वर्षं. मशीन चालू होत नसतं तर ते दोन दिवस थांबले नसते. बंद होत नाही ही तक्रार मात्र दोन मोसम पुढे ढकलता आली. या लेखात जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथेच आहे.

बटण खोलून दाखवलं. आतली पितळी जीभ हिरवी पडली होती. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तोच हिरवा. पॉलिश पेपर मारून, स्पिरिटने धुऊन बटण सुरू करून दिलं. मग विचारलं, “याला लाल दोरीचा स्विच कुठंय?” या मशिनाला तो कधी नव्हताच. शेजाऱ्याच्या मशिनाला आहे म्हणाले, पण त्यानं क्लिपच्या जागी तेलाच्या कॅनच्या प्लास्टिकचा तुकडा कापून कायमचा ठोकून टाकलाय. “दोरी सारखी मधे येते.”

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मशिनाच्या पुढच्या बाजूला किंवा हँडलवर एक लहान गोल स्विच असतो. त्याच्या मानेत घोड्याच्या नालासारखी प्लास्टिकची क्लिप बसते. क्लिपेला टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची, बहुधा लाल, दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मशीन चालवणाऱ्याच्या पायाला. माणूस जागेवरून उडाला की दोरी ताणते, क्लिप निसटते, स्विच आतल्या स्प्रिंगने उडी मारतो आणि मशीन मरतं. इंग्रजीतून आलेलं नाव किल स्विच. आमच्याकडे ‘दोरीचा स्विच’ म्हटलं की कळतं.

एवढ्या उपद्व्यापाची गरज काय, हे समजायला मोटारसायकलची मूठ आठवा. हात सोडला की मूठ स्प्रिंगने मागे फिरते, गाडी मंदावते. या मशिनाच्या हँडलची मूठ तशी फिरत नाही. मुद्दामच घट्ट ठेवलेली असते, नाहीतर तासभर पिळून धरताना मनगट जाईल. म्हणजे तांडेल पाण्यात पडला तरी मशीन त्याच वेगाने चालू. वर हँडलला धरणारं कोणी नाही. पंख्याच्या फिरण्याचा रेटा मशिनाला एका बाजूला वळवतो आणि होडी सरळ निघून न जाता गोल फिरायला लागते. त्या गोलाच्या आत कोण असतं? पडलेला माणूस. होडी फिरून फिरून त्याच्याच अंगावर येते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे करत असेल तर खालच्या गिअरमधून पंख्याला साधारण अडीच हजार मिळतात. म्हणजे सेकंदाला चाळीस फेरे, आणि पंख्याला तीन पाती. हिशेब इथेच सोडतो.

होडी वर्तुळात न फिरता सरळ गेली तरी गत बरी नाही. ताशी अठरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. अर्ध्या मिनिटात दीडशे मीटर पाणी मधे पडतं. ओहोटीच्या ओढीत, अंगावर भिजलेले कपडे असताना ते अंतर पोहून काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. मशीन लगेच बंद पडलं तर होडी स्वतःच्या दोन-चार लांबी पुढे घसरून थांबते. तेवढं पोहता येतं.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टोजवळच्या खाडीत मे २०१३ मध्ये हेच घडलं. एक कुटुंब लहान वेगवान बोटीतून फिरत होतं. वळणावर सहाच्या सहा जण पाण्यात फेकले गेले. बोटीला दोरीचा स्विच होता, पण दोरी कोणाच्याच अंगाला लावलेली नव्हती. रिकामी बोट त्यांच्यातच गोल फिरत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, आणखी दोघं गंभीर जखमी झाले. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांपेक्षा लहान आणि ३ किंवा जास्त हॉर्सपॉवरच्या हौशी बोटींवर वेगात असताना ही दोरी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. स्विच असणं पुरेसं नाही, लावलेला हवा, हे तिथे कायद्यात लिहावं लागलं. कॅनच्या प्लास्टिकचा तुकडा ठोकणारे तिथेही असणार.

आपल्या किनाऱ्याला १३ जानेवारी २०१८ ची तारीख लक्षात आहे. डहाणूच्या समुद्रात कॉलेजच्या मुलांना घेऊन गेलेली बोट उलटली, तीन मुली गेल्या. स्विच लावायचं म्हटलं की लोक तोच अपघात काढतात, म्हणून स्पष्ट सांगतो: दोरीचा स्विच हा त्यावरचा उपाय नव्हे. तिथे प्रश्न बोटीवरच्या गर्दीचा आणि लाइफ जॅकेटचा होता. हा स्विच एकच काम करतो. चालवणारा जागेवर नसेल तर पंखा थांबवतो. बुडणाऱ्याला तरंगवत नाही, उलटणारी होडी सावरत नाही.

आता आतलं काम पाहू. या मशिनात बॅटरी नसते. वरच्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, चुंबकं बसवलेली असतात. चाक फिरलं की खालच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ती सीडीआय नावाच्या काळ्या डबीत साठते आणि नेमक्या क्षणी सुटून प्लगवर ठिणगी पाडते. चाक फिरतंय तोवर वीज बनत राहणार. ती बनणं थांबवता येत नाही. मग मशीन बंद कसं करायचं?

घोलवड-बोर्डीच्या चिकूवाडीत पाटाचं पाणी सोडलेलं पाहिलं असेल. झाडाच्या आळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसेल तर विहिरीवरचा पंपच बंद करायला हवा असं नाही. वाटेत पाटाला एक भगदाड पाडलं की पाणी तिथूनच ओहोळात उतरतं, आळं कोरडं राहतं. मशिनाचं बटण हेच करतं. सीडीआयमधून एक वायर बाहेर येते. ती इंजिनाच्या बॉडीला टेकवली की ठिणगीची वीज प्लगपर्यंत न जाता बॉडीत उतरते, ठिणगी पडत नाही, मशीन बंद. ज्यांनी जुनी बजाज चेतक किंवा लूना चालवली आहे त्यांनी हाच खटका हजारदा दाबला आहे.

घरातल्या दिव्याच्या बटणाशी ताडून पाहा. तिथे दिवा बंद करायचा तर वायर तोडतो, इथे मशीन बंद करायचं तर वायर जोडतो. घरातली वायर उंदराने कुरतडली तर दिवा जातो आणि लगेच कळतं. इथली वायर तुटली तर काय होतं? काहीच नाही. मशीन झकास चालतं. नेहमीपेक्षा कणभरही वेगळा आवाज नाही. फक्त ज्या दिवशी बंद करायचं त्या दिवशी बंद होत नाही. या बिघाडाला तोंड नाही, तो सांगत येत नाही. तांडेलकाकांच्या बटणाने निदान दोन वर्षं रोज चोक ओढायला लावून आठवण तरी करून दिली. दोरीचा स्विच बिघडला तर तेवढंही होणार नाही, कारण तो रोज कोणी वापरतच नाही.

स्विच विकत घेताना पहिली चूक इथेच होते. बाजारात दोन जातीचे मिळतात आणि दिसायला सख्खे भाऊ. बॅटरीवरच्या इग्निशनसाठीचा स्विच क्लिप काढली की जोड तोडतो. आपल्याला हवा तो क्लिप काढली की जोडतो. दुकानातच मीटर लावून पाहावा: क्लिप बसलेली असताना मीटर गप्प, क्लिप काढताच टीं असा आवाज. उलटं झालं तर तो स्विच आपल्या कामाचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. वस्तू काही शे रुपयांची आहे. रबरी टोपी असलेला, मागून वायरी बंदिस्त केलेला घ्यावा. आणि त्याच मापाच्या दोन क्लिपा घ्याव्यात. दुसरी कशाला, ते पुढे येतंच.

मशीन थंड असताना प्लगची टोपी काढून बाजूला ठेवायची. ही सवय मी सोडत नाही, कारण हाताने चाक फिरवलं तरी मशीन पेटू शकतं. मग वरचं झाकण काढून जुन्या बटणाच्या दोन वायरी शोधायच्या. यामाहात बहुतेक पांढरी आणि काळी, मर्क्युरीत पिवळ्या रेघेची काळी. पण तीन हातांतून फिरून आलेल्या मशिनात रंगावर भरवसा ठेवू नये. मधल्या मिस्त्रीने त्याच्याकडे होती ती वायर जोडलेली असते. मीटरच विचारावा. बटणाच्या दोन्ही वायरी जोडातून सोडवायच्या. मीटरची एक टाचणी इंजिनाच्या उघड्या धातूवर, दुसरी मशिनाकडून आलेल्या एकेका वायरीवर. जी लगेच टीं करते ती बॉडीची. उरलेली सीडीआयची, म्हणजे आपली.

त्या वायरीबद्दल दोन गोष्टी. मशीन चालू असताना तिच्यात शेकडो व्होल्टपर्यंतचे झटके येतात. जीव जाणार नाही, पण कोपर असं उडेल की हातातला पाना समुद्रात. आणि कोणी कितीही हुशारीने सुचवलं तरी बारा व्होल्टची बॅटरी या वायरीला दाखवायची नाही. होडीवर दिव्यासाठी बॅटरी असते, तिथूनच लाइन घेऊ म्हणणारे भेटतात. सीडीआय तत्क्षणी जळते आणि तिची किंमत ऐकून नाखवा आठवडाभर बोलत नाही.

बसवायच्या दोन रीती. काही मॉडेलना बटण आणि दोरीचा स्विच एकातच असलेला भाग मिळतो. जुनं बटण काढून त्याच भोकात तो बसवायचा, काम अर्ध्या तासाचं. मी काकांच्या मशिनाला दुसरी रीत केली. बटण ठेवलं आणि स्विच वेगळा लावला, दोघे समांतर. दोघांचीही एक वायर सीडीआयच्या वायरीला, दुसरी बॉडीला. कोणीही जोडलं तरी मशीन बंद. एक बिघडला तरी दुसरा आहे.

झाकणाला भोक पाडायचं टाळलं. भोकामागे पेट्रोलची नळी निघाली तर पंचाईत, आणि भोक म्हणजे खाऱ्या पाण्याला नवी वाट. उंबरगावहून स्टेनलेसची हातभर पट्टी आणली, काटकोनात वाकवून घेतली, एका टोकाला स्विचचं भोक, दुसऱ्या टोकाला मशिनाच्या पुढच्या असलेल्याच बोल्टाचं. जागा ठरवताना दोन गोष्टी बघितल्या: हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवलं तर दोरीला धक्का लागता कामा नये, आणि जाळं ज्या बाजूने आत येतं त्या बाजूला स्विच नको. वायरी आत न्यायला पेट्रोलच्या नळीची रबरी बुशी होतीच, तिच्यातूनच नेल्या.

वायर साधी घेऊ नये. तांब्याची उघडी तार खाऱ्या हवेत इन्शुलेशनच्या आत हातभर काळी पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही. बोटीसाठीची तार मिळते ती चंदेरी असते. तिच्या प्रत्येक बारीक धाग्यावर कथलाचा मुलामा असतो. आजी दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून पातेल्यांना लावून घ्यायची, तीच ही कल्हई, कामही तेच.

जोड डाग देऊन पक्का करावा असं वाटतं. माझाही हात आधी सोल्डरगनकडेच जातो. पण मशिनाची थरथर अशी असते की डागाच्या कडेला, जिथे ताठ तार संपून मऊ सुरू होते, तिथेच ती तुटते. म्हणून दाबून बसवायचं टर्मिनल, वर आतून गोंद असलेली नळी, आणि ती लायटरने नव्हे तर गरम हवेने आवळायची. काळी टेप गुंडाळू नये. समुद्रावर दोन महिन्यांत तिचा चिखल होतो. स्विचपासून निघालेली वायर सरळ वर न नेता आधी खाली झोका देऊन मग आत न्यावी. पावसाळ्यात घरात केबल घेताना देतात तसाच. पाणी झोक्याच्या तळाशी गळून जातं. आणि मशीन वर उचललं, पूर्ण वळवलं तरी वायर ताणू नये एवढी ढील.

दुसरी वायर बॉडीला. इथे मी चुकलो, आणि ती चूक पुढे सांगतो.

चाचणी अंगणात. दोनशे लिटरच्या ड्रमला मशीन टांगलं, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं वरपर्यंत पाणी भरलं. पाण्याशिवाय मशीन मिनिटभरही चालवू नये, कारण पाणी ओढणारा आतला रबरी पंखा कोरडा फिरून जळतो. बाहेरचा पंखा पिन काढून उतरवून ठेवला. ड्रममध्ये त्याचं काम नाही आणि पोरं भोवती होतीच. बंद शेडमध्ये हे करू नये, धूर वाईट असतो.

मशीन चालू केलं. मागून थंड पाण्याची बारीक धार सुरू झाली. क्लिप ओढली. खट्! मशीन बंद, अंगणात एकदम कोंबड्यांचा आवाज. पुन्हा चालू, पुन्हा ओढली, बंद. काकांनी मान डोलावली आणि बिडी काढली. ती पेट्रोलपासून लांब जाऊन ओढायला लावली. मी म्हटलं, दहा वेळा करू.

सातव्या वेळी क्लिप हातात आली आणि मशीन चालूच.

बटण दाबून बंद केलं. काका काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मीटर लावला तर स्विच ठणठणीत, सीडीआयच्या वायरीचा जोड ठीक. दोष बॉडीच्या वायरीत. मी ती स्विचच्या पट्टीच्याच बोल्टाला लावली होती, हाताशी होता म्हणून. तो बोल्ट ज्या भागात बसतो तो भाग इंजिनापासून रबरी गाद्यांनी वेगळा केलेला असतो, थरथर होडीत उतरू नये म्हणून. धातूचा धातूशी संबंध कुठेतरी एखाद्या ठिकाणी टेकण्यापुरता. सहा वेळा टेकला, सातव्या वेळी नाही. शिवाय वॉशरखाली रंग होता तो मी खरवडला नव्हता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. इंजिनाच्या ब्लॉकवरचाच एक बोल्ट निवडला, रंग खरवडून धातू पांढरा केला, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि वरून ग्रीस थापलं. नंतर वीस वेळा केलं. मधे हँडल वळवून, वायरी हाताने हलवून, मूठ थोडी पिळून केलं. वीसही वेळा बंद. क्लिप काढलेली असताना स्टार्टरची दोरी ओढून चालू करून पाहिलं: पेटलं नाही, तसंच हवं. क्लिप लावून बटणाने बंद केलं तर तेही चाललं. दोन-तीन वेळा चाचणी करून मशीन परत दिलं असतं तर तो सैल जोड समुद्रावर गेला असता, आणि चालू मशिनाला कोणीच काही म्हणालं नसतं.

आता पायाला बांधायचा प्रश्न. “बैल आहे का मी दावं लावायला?” काकांचा पहिला सवाल. त्यांचं खरं भांडण जाळ्याशी आहे. जाळं ओढायला पुढे नाळेपाशी जावं लागतं, दोरी तोकडी. याला सरळ उत्तर आहे: धोका पंख्याचा आहे, मशिनाच्या आवाजाचा नाही. गिअर न्यूट्रलला टाकला की पायातलं टोक काढून मशिनावर टांगा, क्लिप स्विचातच राहू द्या, मशीन चालू राहील. परत येऊन गिअर टाकण्याआधी दोरी पायात. दोरी ताणून चार-पाच फूट व्हावी, जास्त नको. मनगटापेक्षा गुडघ्याच्या वरची मांडी बरी, हात मोकळा राहतो आणि सारखा झटका बसत नाही. लाइफ जॅकेटच्या पक्क्या कडीलाही चालेल. शर्टाच्या काजात किंवा लुंगीच्या गाठीत अडकवू नये. माणूस पाण्यात आणि लुंगी होडीत, असं होऊ शकतं. नायलॉनच्या साध्या दोरीने गाठ मारून तर अजिबात नको. गरज पडली तर एका हाताने सुटली पाहिजे.

आणि ती दुसरी क्लिप. तांडेल पाण्यात पडला की क्लिप त्याच्या पायाबरोबर गेली. मशीन बंद, छान. पण होडीत खलाशी उरला आहे आणि त्याला मशीन चालू करून तांडेलाकडे जायचं आहे. क्लिपेशिवाय ते पेटणार नाही, आत्ताच अंगणात पाहिलं. म्हणून दुसरी क्लिप होडीतच, डब्याच्या झाकणाला किंवा पेट्रोलच्या टाकीच्या मुठीला बांधलेली हवी, आणि ती कुठे आहे हे खलाशाला माहीत हवं. तलासरी-डहाणूतून पावसाळा सरल्यावर वेरावळ, पोरबंदर, ओख्याकडे कामाला जाणाऱ्यांत कित्येक पोरं वारली पाड्यांवरची, घरी भातशेती असलेली. त्यांना कोणी ही क्लिप दाखवत नाही. मशीन पेटवण्याआधी गिअर न्यूट्रलला, आणि बुडणाऱ्याजवळ पोचल्यावर मशीन पुन्हा बंद, एवढं पोराला दोनदा करून घेतलं की झालं.

मोठ्या बोटींच्या डिझेल इंजिनाला हे सगळं लागू नाही. डिझेलला ठिणगीच नसते, तिथे तेल तोडावं लागतं आणि त्याची यंत्रणा वेगळी. अंगावर लहान डबी बाळगायची, ती पाण्यात गेली की मशीन बंद, असे बिनतारी स्विचही निघाले आहेत. महाग आहेत, त्यांची बॅटरी सांभाळावी लागते. आमच्या किनाऱ्याला सध्या दोरीच बरी.

राहिला तो मुका बिघाड. मीठ आपलं काम थांबवणार नाही, हा स्विचही कधीतरी आतून हिरवा पडेल आणि सांगणार नाही. दर महिन्याला तपासा असं मी लिहून दिलं तरी कोणी तपासत नाही, मीही स्वतःच्या गाडीचे ब्रेक तपासत नाही. म्हणून काकांना एकच गोष्ट सांगितली: मशीन बंद करायला बटण वापरूच नका. किनाऱ्याला आलात की क्लिप ओढून बंद करा, रोज. ज्या दिवशी क्लिप ओढून बंद होणार नाही, त्या दिवशी मशीन माझ्याकडे आणा. बटण तोवर कामाला आहेच. त्यासाठी दोन वर्षं थांबू नका.

नारळी पौर्णिमेनंतर ते एकदा उंबरगावला जाताना गॅरेजवर थांबले. स्विच चालतोय का विचारलं तर म्हणाले, रोज ओढतो, नातवाला ते फार आवडतं, आता तोच ओढतो. शेजाऱ्याने कॅनचा तुकडा काढलाय, पण त्याच्याकडे क्लिप नाही.

क्लिपा मी आणून ठेवल्या आहेत, तीन मापांच्या. यंदा मशीन आणणार असाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आणा, जुलैअखेर गर्दी होते. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर होडीच्या आतल्या फळीवर रंगाने लिहून घ्या. रंगाचा डबा गॅरेजमध्ये आहे, पैसे लागणार नाहीत.